सहाला उठणारी पंचफुला

तामसी गावच्या डोमाजीची धाकटी पोरगी पंचफुला पदवीधर झाली आणि आदिलाबादेत सुधाकररावांकडे कॉम्प्युटरवर बसू लागली. दोन हजार तीन साल. रेशनकार्डांच्या याद्या कॉम्प्युटरात भरून द्यायचा सरकारी ठेका सुधाकररावांनी घेतला होता. हाताखाली नऊ पोरंपोरी. वेळ कागदावर दहा ते सहा.

पण सहाला कोणी उठायचं नाही. सुधाकरराव दुपारी घरी जाऊन ताणून द्यायचे आणि पाचला ताजेतवाने होऊन यायचे. म्हणून पोरं दिवसभर चहा पीत, स्क्रीनवर पत्ते खेळत, आणि मोटारसायकल वाजली की बोटं अशी बडवू लागत की जणू जिल्ह्याचा गाडा त्यांच्यावरच चालला आहे. चंपत तर दात घासायचा ब्रश टेबलाच्या खणात ठेवायचा. "दोन दिवस झाले, घरी गेलो नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्याचं घर दोन गल्ल्यांवर होतं.

पहिला महिना पंचफुलाही भीतीपोटी बसली. काम संपलेलं असायचं, तरी तीच यादी वरखाली करत राहायची. त्या महिन्याची तिला पुढं कायम लाज वाटत राहिली. एक दिवस मात्र तिनं सहाला पर्स उचलली.

"सर, जाऊन राह्यली मी. तामसीची बस हाये."

"काऊन एवढी घाई? कंपनीले घर समज पोरी."

"घरी जेवाले देतेत, सर."

कोणी हसलं नाही. हसायचीही त्यांना परवानगी लागत असावी.

दिवाळीला चंपतचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. सुधाकरराव त्याला कामाचा वाघ म्हणाले. पंधरवड्यात वाघाच्या याद्या परत आल्या. भीमपूरकडच्या एका गावातले सगळे बाप्ये त्यानं बाया करून टाकले होते, आणि एका म्हातारीचा जन्म पुढच्या सालात लावला होता. झालं, सगळ्यांनी रविवारी यायचं असा हुकूम सुटला.

"माह्या यादीत एक चूक दाखवा," पंचफुला म्हणाली, "मी येतो."

चूक सापडली नाही. महिनाभरानं तिला काढलं. कारण काय, तर मन लावत नाही. बसमध्ये ती रडली, आणि असल्या माणसांपायी डोळ्यांत पाणी आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

दोन वर्षांनी परीक्षा पास होऊन ती बोथच्या सरकारी कचेरीत कारकून झाली. पाचला कचेरी सुटली की तिचं टेबल रिकामं असायचं, आणि अर्ज एकही पडून नसायचा.

एकदा आदिलाबादच्या बाजारात चंपत भेटला. डोळे खोल गेलेले, चेहरा पिवळा.

"मॅनेजर झालो," तो म्हणाला. "तीन वर्षांत एक सुट्टी नाही घेतली. लेकराच्या बारशालेही गेलो नाही!"

हे त्यानं छाती फुगवून सांगितलं. पंचफुलानं त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याची कीव करावी असं तिला मनापासून वाटत होतं, पण ती काही येईना. तिनं मेथीची जुडी घेतली आणि चालू पडली.