कार्नेशनचा वास

नातीने आणलेल्या गुच्छात कार्नेशनची फुलं आहेत. झालरीसारख्या पाकळ्या, रंग तजेलदार, वास मात्र नाही. का नसावा? वाचलं तेव्हा कळलं, जुन्या कार्नेशनला लवंगेचा वास असे. युरोपात पाकळ्या दारूतही घालत. लाल फूल प्रेमाचं ठरलं, पांढरं दिवंगत आईच्या आठवणीचं. पुढे फूल जास्त दिवस टिकावं म्हणून नव्या जाती आल्या आणि वास हरवला.

खूप वर्षांपूर्वी उटीच्या बागेत कार्नेशन हुंगून बायको म्हणाली होती, "याला लवंगेचा वास येतोय." मी सगळ्यांदेखत हसलो होतो, "स्वयंपाकघर विसर जरा."

आज तिला म्हटलं, "तुझं बरोबर होतं."

"मला माहीत होतं. तुम्ही हुंगलंच कुठे होतंत?"

तिने एक फूल माझ्या नाकाशी धरलं. वास नव्हता. तरी मी सावकाश हुंगलं.