चिंच पडताना

देवासच्या आमच्या कॉलनीत समोरच्या घरात राहणारा हा तरुण व्हिडिओ गेमच्या एका कंपनीसाठी घरी बसून जंगलं, किल्ले आणि पडकी गावं तयार करतो. गेममधली माणसं दुसरं कोणी करतं. त्यांच्या मागचं सगळं जग याचं. त्यामुळे असेल, पण बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतो. एकदा मला म्हणाला, "काका, तुमच्या भिंतीची ओल एकदम मस्त आली आहे. कलर नका करवू." मी रंगाऱ्याला परत पाठवलं नाही, म्हणून आठवडाभर रुसला होता.

मागच्या महिन्यात कमिटीने गाड्यांना जागा हवी म्हणून कोपऱ्यातली जुनी चिंच तोडायचं ठरवलं. सोनकच्छहून माणसं करवत घेऊन आली, तेव्हा हा अनवाणी धावत आला आणि बुंध्यासमोर उभा राहिला.

"भिया, जरा रुको."

माणसं थांबली. गॅलरीतून बघताना मला भरून आलं आणि लाजही वाटली, कारण कमिटीच्या कागदावर माझीही सही होती.

त्याने खिशातून मोबाइल काढला. झाडाभोवती फिरत, गुडघे टेकत त्याने सालीचे, मुळांचे, ढोलीचे अर्धा तास फोटो घेतले. मग पँट झटकून उठला.

"हो गया, भिया. काट दो." आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "झाड पडताना कोणी बोलू नका हं. मला आवाज पाहिजे आहे."

मी आत जाऊन पंखा बंद केला.