भिंतीवरचा एक शब्द

तामसीच्या मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्या तेलंगणातल्या तहसिलीत, कारकून म्हणून माझी ऑर्डर आली, त्या आनंदात बाबांनी घराला चुना मारून घेतला. आदिलाबादच्या कडेला शिक्षक-कारकुनांची नवी कॉलनी होती. तिच्यात बौद्धांचं घर आमचं एकच, कोपऱ्यावरचं. आठ दिवसांच्या आत त्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं, तेलुगू अक्षरांत, हातभर मोठा शब्द उमटला: रिझर्व्ड.

वाचून माझे कान तापले. नोकरी मला राखीव जागेतून मिळाली, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. त्यासाठी मी किती जागले हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगत फिरणं माझ्या स्वभावात नाही.

आई घासणी घेऊन निघाली. बाबांनी अडवलं. "राहू दे. ज्यानं लिवलं त्याले दिसू दे, का आमी वाचलं."

आमची कॉलनी अशी, की कोणाच्या दारात गाढव उभं राहिलं तरी चार जण चौकशीला येत. भिंतीबद्दल मात्र तीन दिवस कोणी चकार शब्द काढला नाही. शेजारचे गुरुजी एरवी फाटकाशी उभे राहून बाबांशी तासभर बोलायचे, तेही मान खाली घालून जाऊ लागले. त्यांच्या मुलीनं माझ्याबरोबरच परीक्षा दिली होती आणि तिचं झालं नव्हतं. बाबांचा संशय तिथंच जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, घर विकू आणि परत आपल्या लोकांच्या वस्तीत राहायला जाऊ. या घराच्या विटांवर मी शाळेतून आल्यावर पाणी मारलं होतं. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला.

चौथ्या सकाळी पाहते तर गुरुजी चुन्याची बादली घेऊन आमच्याच भिंतीशी. अर्धा शब्द पुसलेला. बाबा तसेच बनियनवर बाहेर धावले.

"गुरुजी, तुमी काऊन पुसून राह्यले? तुमीच लिवलं का?"

"नाई जी." गुरुजींनी कुंचा खाली केला. "पन आमची पोरगी ते पाहून हासली. मले शरम वाटली."

बाबा काही बोलणार इतक्यात शिडी आणि रंगाचे डबे घेऊन दोन रंगारी सायकलवरून उतरले. पुसलेली भिंत पाहून त्यातला थोरला गयावया करू लागला. "साब, ये दीवार हमारी पार्टी के वास्ते रिझर्व है. इलेक्शन तक दूसरा कोई नको लिखना बोलके लिखे थे."

मला आधी कळेचना. मग बाबा हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तीन दिवसांत ते पहिल्यांदा हसत होते. आमचीच भिंत का, तर ती रस्त्यावरून दिसते, एवढंच. गुरुजीही हसले. मीही हसले, घर राहिलं म्हणून.

रंगारी बिचारा तिघांकडे आळीपाळीनं पाहत होता. त्याला वाटलं, त्याच्या तेलुगूत काही चूक झाली.

"साब, कुछ गलत लिखा क्या?"

हसणं थांबलं. गुरुजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. त्या शब्दाचा अर्थ कॉलनीत कोणी कोणाला विचारला नव्हता. आम्ही घरात जो लावला, तोच गुरुजींनी लावला, त्यांच्या मुलीनं लावला, मान वळवून जाणाऱ्या प्रत्येकानं लावला.

"नहीं," बाबा म्हणाले, "बराबर लिखा था."