आंघोळ घातलेला रणगाडा

"मॅडम, टँक किधर है?"

हेडफोनमध्ये पायलटचा आवाज आला. बंगळुरूबाहेर, होसकोटेच्या पुढच्या माळावर, ट्रेलरमध्ये बसून मी स्क्रीनकडे बघत होते. झुडपं दिसत होती, बांध दिसत होता, एक चुकार शेळीसुद्धा दिसत होती. रणगाडा तेवढा गायब. एवढं लोखंडाचं धूड गेलं कुठं?

हेलिकॉप्टरमधून सोडायच्या रणगाडाभेदी क्षेपणास्त्राचा सीकर बनवणं हे आमचं काम. सीकर म्हणजे क्षेपणास्त्राच्या नाकातला डोळा. तो उजेड बघत नाही, उष्णता बघतो. पायलटनं त्याला रणगाडा दाखवायचा, डोळ्यानं तो धरून ठेवायचा. याला लॉक म्हणतात. मग क्षेपणास्त्र सोडून पायलट खुशाल माघारी वळतो, पुढचं डोळा बघून घेतो. त्या दिवशी काही सुटणार नव्हतं. नुसता डोळा हेलिकॉप्टरला बांधला होता. पण लॉक झालं तरच खऱ्या फायरिंगला पायलटचा होकार मिळणार होता, आणि लॉकचं सॉफ्टवेअर माझं होतं.

हेलिकॉप्टर मिळालं नेमकं आयुधपूजेला. बंगळुरूत त्या दिवशी लेथपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना आंघोळ आणि हार. आमचे प्रोजेक्ट हेड राव सर म्हणाले, "पूजा आधी, ट्रायल नंतर." मलाही पटलं. आमच्या निपाणीकडे खंडेनवमीला विळीसुद्धा पूजेला बसते. मग काय, इंजिन काढलेला तो जुना रणगाडा पाइप लावून चकचकीत धुतला, झेंडूची माळ घातली, कोहळा फोडला. तोवर हेलिकॉप्टर आलंच.

मी साधा कॅमेरा लावून पाहिला. रणगाडा जागेवरच होता. ओलाचिंब.

"सर, आपण त्याला आंघोळ घातली!"

"मग?"

"कोरडं लोखंड उन्हात मातीपेक्षा जास्त तापतं, म्हणून ते डोळ्याला दिसतं. पाण्यानं ते गार होऊन मातीइतकंच झालंय."

राव सरांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! आता?"

"वाळू दे. स्वल्प थांबू."

पायलटला सांगितलं. तो म्हणाला, "रुकता हूँ, मॅडम. लेकिन सामने दुश्मन होता तो? जितनी देर मैं यहाँ लटकूँगा, उतनी देर वो भी मुझे देखेगा."

मी स्क्रीनवर पुन्हा सीकरचं चित्र लावलं; त्यात गरम ते पांढरं दिसतं, गार ते काळं.

मग करड्या मातीत एक पांढरी रेघ उमटली. तोफेची नळी. तिच्यामागून माथा आला, मग एक बाजू. रिकाम्या जमिनीतून रणगाडा तुकड्या-तुकड्यानं वर येत होता. आणि त्याच्यावर आडवी एक काळी रेघ राहिली होती. ओल्या झेंडूची माळ! एवढ्या लांबून! माझ्या अंगावर काटा आला. या डोळ्याची तार न् तार मला ठाऊक होती, तरी आला.

"लॉक!" पायलट ओरडला.

हेलिकॉप्टर हलत होतं, कलत होतं, वळत होतं. रणगाड्याभोवतीची चौकट जराही ढळली नाही. स्वयंपाकात गुंतलेल्या आईची नजर रांगत्या पोरावरून हटत नाही, तशी. अभिमान वाटला. भीतीही वाटली, कारण ही नजर जपायला नव्हती.

राव सर प्रसादाचा केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, वाटायला निघाले. खाली उतरलेल्या पायलटनं तो घेतला नाही. "सर, बारिश में भीगा हुआ टँक आया, तो सूखने तक रुकूँ?"

होकार मिळाला नाही. आणि त्याचं बरोबर होतं. लटकणार तो होता, आम्ही नव्हतो.

पुढचे कित्येक महिने मी एकाच गोष्टीमागे लागले. ओला झाला तरी अख्खा रणगाडा मातीसारखा होत नाही, कुठंतरी एखादी कड फरक सोडतेच. नुसतं गरम ते धरण्याऐवजी ती पुसट कड धरायला डोळ्याला शिकवलं.

पुन्हा ट्रायल लागली, तेव्हा रणगाडा आम्हीच धुतला. राव सरांनी हौसेनं माळही घातली. मी हेडफोन नीट करतेय तोवर आवाज आला.

"मिल गया, मॅडम. चलिए, फायरिंग करते हैं."

तेव्हापासून आमच्याकडे पूजा असो-नसो, ट्रायलआधी रणगाड्याला आंघोळ सक्तीची आहे.