कुरडयांवरची काजळी

नव्वदच्या दशकात तासगावच्या बाजूला एका गावात आम्ही काही बायका उन्हाळ्यात कुरडया करायचो. माल सांगलीच्या एका दुकानात जायचा. साखर कारखान्याचा हंगाम लांबला, की धुराड्याची काजळी आमच्या गच्चीवर पडायची. पापडावरची काजळी झटकता येते. कुरडई ओली असते, तिच्या तारांत ती रुतते आणि मग निघत नाही. वरून धोतर झाकून पाहिलं, तर कुरडया आंबल्या.

"ताई, असा माल पुन्हा आला तर मी दुसऱ्या गावाहून घेईन," दुकानदाराने बजावलं.

त्याच सुमारास कारखान्याची जीप आली. प्रचार अधिकाऱ्याने शाळेच्या खिडक्या लावून पडद्यावर चित्रं दाखवली. वितळणारा बर्फ, चढणारा समुद्र. धुराने पृथ्वी तापते आहे, म्हणून कारखाना घरोघरी निर्धूर चूल देणार, असं त्याने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. चूल मीही घेतली.

जिच्या गच्चीवर आमचं काम चाले, ती म्हातारी उठली. "आवं साहेब, आमच्या चुलीनं जग तापतंय, मग तुमच्या धुराड्यानं काय गार पडतंय व्हय?"

खोली हसली. साहेबही हसले. मी काळ्या कुरडयांचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

"बाई, हा स्थानिक प्रश्न झाला. आजचा विषय जागतिक आहे."

"कुरडया सांगलीतच विकायच्यात, साहेब."

"अर्ज द्या," ते म्हणाले. मग चुलींसोबत आमचा फोटो काढताना त्यांनी ते ताट बाजूला सरकवायला लावलं.

अर्ज दिले. उत्तर आलं नाही. दुकानदार मात्र दुसऱ्या गावाहून माल घेऊ लागला. दोन बायका द्राक्षाच्या मळ्यात रोजाने जाऊ लागल्या. उरलेल्यांनी ओळखीपाळखीत थोडंथोडं विकून काम चालू ठेवलं.

पुढच्या हंगामाआधी कारखान्याने धुराडं उंच केलं. पर्यावरण रक्षणाची मोठी जाहिरात पेपरात आली, त्यात आमचा चुलीसोबतचा फोटो होता. गच्ची खरोखरच स्वच्छ राहिली. आम्हाला वाटलं, अर्ज लागू पडला.

चैत्रात दुकानदार स्वतः गावात आला. "ताई, पुन्हा माल द्याल का? त्या गावचा माल यंदा काळा येतोय. पूर्वी कधी असं नव्हतं."

गाव कोणतं, ते मी विचारलं. वाऱ्याच्या दिशेने बरंच पुढचं होतं. तिथल्या बायकांना मी ओळखत नव्हते.

सोऱ्या धुता धुता म्हातारी म्हणाली, "त्येंचं लय वाईट झालं."

"व्हय," मी म्हणाले. दुकानदाराला किती माल लागेल ते विचारून घेतलं आणि मळ्यात जाणाऱ्या दोघींना निरोप धाडला. संध्याकाळी गहू भिजत घातले.