मामांनी बघितलेली पेटी

टीव्ही आमच्याकडं अजून आला नव्हता. जादू बघायची ती संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, तंबूत. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या गिरणीच्या चाळीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

त्या रविवारी दुपारी निम्मी चाळ तंबूत होती. जादूगारानं एका पोरीला पेटीत बसवलं, झाकण लावलं, मंत्र पुटपुटला आणि झाकण उघडून विचारलं, "पेटी रिकामी झाली का, कोण बघून सांगतंय?" चाळीनं माझ्या वडिलांना, आप्पांना, पुढं ढकललं. सगळे त्यांना मामा म्हणत. नळावरच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा असे.

आप्पांनी वाकून बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "रिकामी हाय."

परत येताना पोरंबाळं जादूंना नंबर लावत होती. पाणी न संपणारा तांब्या तिसरा, कापून जोडलेली दोरी दुसरी. पहिल्या नंबराला वादच नव्हता. "पेटीच की! मामांनी सोता बघितलंय."

घरी आल्यावर आप्पा मला म्हणाले, "पोरगी आतच हुती गं. तळाची फळी सरकली हुती. गुडघ्यात हनुवटी घालून माझ्याकडं बघत हुती. खरं बोललो असतो तर त्यानं तिला मारलं असतं. पर माझ्या तोंडून खोटं गेलं की."

"खेळच तो, आप्पा. कुणाला सांगू नका."

शिकलेल्या लेकीचं त्यांनी ऐकलं. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

काही दिवसांनी नळावर दोघींची जुंपली. "मामा, तुमी हितंच हुता. कुणाची घागर आधी?"

"माझ्या शब्दावर जाऊ नका," आप्पा म्हणाले. "त्या पेटीत पोरगी हुती. मी खोटं बोललो."

बायका खो खो हसल्या. "अगं बाई, मामांवरची जादू अजून उतरली न्हाय!"

"खरंच हाय ते," मी म्हणाले. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला."

हसू थांबलं. "बरं, ऱ्हाऊ द्या. घागरीचं सांगा."

आप्पांनी एकीच्या घागरीकडं बोट दाखवलं. दुसरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय? पेटीबी रिकामीच हुती न्हवं, मामा?"

चाळीत त्यांना असं कुणी कधी बोललं नव्हतं.  आप्पांनी वाकून त्या दुसरीचीच घागर नळाखाली लावली. जिचा नंबर खरा होता ती मुकाट्यानं मागं सरकली. त्या दिवशी मी तिच्याकडं बघू शकले नाही, आप्पांकडंही नाही.