मामेसासऱ्यांचा ठोकळा

अख्ख्या कोल्हापुरात तेलावर आमच्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास कुणाचा नसेल, आणि पोट मात्र त्यांचं तेलावरच चालतं. डंपिंग ट्रॉलीचे हायड्रॉलिक जॅक दुरुस्त करायचा त्यांचा कारखाना आहे. ट्रॉली वर उचलली, की खाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय ते कुणाला वाकू देत नाहीत. "तेल कवा दगा दील सांगता येत न्हाय," हे वाक्य ते नमस्कारासारखं वापरतात. सलूनमधल्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीतही ते ठोकळा सरकवूनच दाढीला बसतात. सलूनवाल्यानं त्यांच्यासाठी एक वेगळा ठेवलाय.

अशा माणसाची एकुलती एक लेक वैमानिक व्हायला निघाली. पहिल्या छोट्या विमानाची चाकं जागच्या जागी पक्की होती, तोवर मामा गप्प होते. पुढच्या विमानाची चाकं उडाल्यावर पोटात जातात, आणि तीही तेलाच्या दाबानं, हे कळल्यावर मात्र त्यांनी अन्नपाणी सोडलं. म्हणजे तांबडा रस्सा तिसऱ्यांदा घेणं बंद केलं. शेवटी मला गाडीत घालून त्यांनी थेट तिचं फ्लाइंग स्कूल गाठलं आणि तिथल्या शिक्षकांना पहिलाच प्रश्न टाकला, "ठोकळा कुठं लावताय?"

शिक्षक सज्जन होते. हसले नाहीत. म्हणाले, "पंप तेल दाबतो, तेल दट्ट्याला ढकलतं आणि दट्ट्या चाकं वर ओढतो. वर ती फक्त त्या दाबावर राहतात. दाब गेला, तर आपल्या वजनानं खाली येतात आणि खटका बसून पक्की होतात. मग वैमानिकापुढं तीन हिरवे दिवे लागतात."

मामा अर्धा तास विमानाखाली आडवे होते. उठले ते चेहरा उजळूनच. "म्हंजे तेल गेलं तर चाक खाली येतंय? आमच्या ट्रॉलीच्या उलटं हाय की! बनवणारा शाणा हाय." कोल्हापुराहून आणलेला ठोकळा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच न वापरता डिकीत ठेवला.

तरीही लेक त्या विमानातून एकटी उडाली त्या सकाळी कारखान्यात एकही जॅक उघडला गेला नाही. मामा फोनकडे बघत बसले होते, शेजारी मी. अखेर तो वाजला.

"पप्पा, आलो खाली!"

"दिवं?"

"तिन्ही लागले."

मी पेढे आणायला उठलो, तर मामांनी हात धरून बसवलं.

"पावणं, हिला आता नोकरी कुठं लागंल वो?"

"दिल्ली, बंगळूर. मिळेल तिथं."

मामांनी फोन बाजूला सरकवला. मग म्हणाले, "उतरली ते ब्येस झालं. पण आता घरात कवा दिसायची?"

पेढे राहू दिले. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.